दोन वर्षांच्या पोराला टँकवर न्यायचं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मार्च संपत आला की पोहण्याच्या टँकवर समर बॅचचे बोर्ड लागतात आणि इकडे तुमचे मेसेज सुरू होतात. यावेळी जास्त प्रश्न अगदी छोट्यांचे आलेत, दीड-दोन वर्षांपासून ते सिनियर केजीपर्यंतचे. मी याच वयाच्या मुलांना पाण्यात शिकवते, त्यामुळे हे सगळे प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. काही उत्तरं लांबलीयेत, पण तिथे कापाकापी करावीशी वाटली नाही.

प्रश्न: ताई, माझा मुलगा २ वर्षं २ महिन्यांचा आहे. आमच्या सोसायटीच्या पूलवर एक सर टॉडलर बॅच घेतात, आई किंवा बाबांनी सोबत पाण्यात उतरायचं असतं. नवरा म्हणतो लगेच घालू, सासूबाई म्हणतात पाच वर्षांचा होईपर्यंत पाण्याजवळ न्यायचंच नाही. सर म्हणाले १२ सेशन झाले की पोरगा पाण्यात पडला तरी टेन्शन नाही. नक्की कधी सुरू करायचं? (एक आई, वाकड, पुणे)

उत्तर: घाला बॅचला. पण सरांचं ते शेवटचं वाक्य मनातून पार काढून टाका, कारण या वयाच्या मुलाबद्दल 'पडला तरी टेन्शन नाही' असं कुठल्याच क्लासला म्हणता येत नाही, १२ सेशनच्या नाही आणि वर्षभराच्या नाही.

वयाचं सांगते. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स. पूर्वी ही मंडळी ४ वर्षांच्या आधी शिकवा असं म्हणायचीच नाहीत, त्यांना काळजी होती की पोरांची पाण्याची भीती जाईल आणि आईबाप निर्धास्त होतील. मग २००९ साली तिथे एक अभ्यास आला, त्यात १ ते ४ वयाच्या ज्या मुलांनी रीतसर शिकवणी घेतली होती त्यांच्यात बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. अभ्यास छोटा होता, त्यामुळे ८८ हा आकडा धरून बसू नका, पण लहान वयात शिकवल्याने धोका वाढतो ही जी भीती होती तिला आधार नाही एवढं नक्की कळलं. २०१० मध्ये संघटनेने आपली भूमिका सैल केली आणि २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की १ वर्षानंतर बऱ्याच मुलांना सुरू करता येतं, आणि चौथ्या वाढदिवसापर्यंत बहुतेक मुलं शिकायला तयार झालेली असतात. १ वर्षाच्या आतल्या बाळाला पाण्यात खेळवा, मजा करा, पण शिकवल्यामुळे ते बुडण्यापासून वाचतं असा काही पुरावा नाही.

आता दुसरी बाजू पण ऐका, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अगदीच मोडीत काढायला नको. जागतिक आरोग्य संघटना पोहण्याची मूलभूत शिकवणी ६ वर्षांवरच्या शाळकरी मुलांना द्या म्हणते, आणि त्याहून लहानांसाठी पाण्यापासून लांब, कोणाच्या तरी नजरेखाली असलेली जागा करा म्हणते. बांगलादेशात गावोगाव तळी, घरामागे पाणी, तिथे याच विचाराने पाळणाघरं काढली, सकाळी घरचे कामात असतात तेव्हा १ ते ५ वर्षांची पोरं तिथे सांभाळायची, कारण पोरं नेमकी त्याच वेळात बुडायची. म्हणजे बघा, कोणी एक वर्ष म्हणो कोणी सहा म्हणो, छोट्या मुलाला वाचवतं ते शेजारी असलेलं मोठं माणूस, यावर दोघांचंही एकमत आहे.

मग क्लासला जाऊन दोन वर्षांचं पोर शिकतं तरी काय, तर फ्रीस्टाइल नाही शिकत. चेहऱ्यावर पाणी आलं की दचकायचं नाही, पाण्यात तोंड घालून फुंकर मारायची, काठ धरून हातांनी सरकत जायचं, तुमच्या खांद्यावर डोकं टेकून पाठीवर पडायचं, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे काठावरून पाण्यात आलं की वळून परत काठ पकडायचा. आणखी एक गोष्ट जी लोक धडा म्हणून मोजतच नाहीत, ती म्हणजे 'एक, दोन, तीन, ये' म्हटल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. हे थांबणं मी माझ्या बॅचमध्ये प्रत्येक वेळी करून घेते, कंटाळा येईपर्यंत करून घेते. २०-३० मिनिटं पुरे. पाणी कोमट हवं, या वयाला ३० ते ३२ अंशांच्या आसपास बरं, ओठ निळसर झाले किंवा कुडकुडायला लागला की बाहेर, सेशनचे पैसे गेले तरी चालतील.

आणि पाण्यात असताना तो तुमच्या हाताच्या अंतरावर पाहिजे, म्हणजे हात लांब केला की अंगाला लागला पाहिजे. बाकावर बसून बघणं या वयाला चालत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही हो, हात हलवून मदत मागत नाही, तोंडात पाणी असताना आवाज कुठून येणार, गपचूप खाली जातं आणि बाजूला चार माणसं गप्पा मारत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांच्या आतली मुलं होती. सोसायटीच्या कमिटीला आजच विचारा की पूलला चारी बाजूंनी कुंपण आहे का, गेट आपोआप बंद होतं का, आणि कडी पोराच्या हाताला लागेल एवढी खाली तर नाही ना.

घरातलं पण बघा. रांगणाऱ्या, नुकत्या चालायला लागलेल्या बाळाला बाथरूममधली भरलेली बादली पूलपेक्षा जवळ असते. डोकं जड, वाकलं की उलटं पडतं आणि त्याला परत वर येता येत नाही, अगदी वीतभर पाण्यात सुद्धा. बादली, टब, पाण्याचा ड्रम, अंगणातला हौद, वापर झाला की रिकामं किंवा पक्कं झाकण.

प्रश्न: मी ६७ वर्षांचा शेतकरी माणूस, कराड तालुका. मे महिन्यात नातवंडं येतात, नातू ६ वर्षांचा, नात ४ वर्षांची. आम्ही सगळी भावंडं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, वडिलांनी वरून ढकलून दिलं आणि गटांगळ्या खात खात आलं पोहायला. आता सून म्हणते विहिरीकडं न्यायचं नाही, पुण्यात क्लास लावू. आमचं चुकतं का?

उत्तर: काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण नातवंडांना पाणी शिकवायची इतकी हौस असलेले आजोबा मिळणं ही त्या मुलांची कमाई आहे. तुमचं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्याला मी हात जोडून नाही म्हणणार आहे.

बरोबर काय, तर डबा. भोपळा असो, पांगाऱ्याचं हलकं लाकूड असो नाहीतर तेलाचा रिकामा डबा, आपल्याकडे ते पाठीला बांधायचे, त्यामुळे पोर आपोआप पोटावर आडवं तरंगायचं, पाय मागे मोकळे, हात मोकळे. मग दिवसागणिक आधार कमी करायचे आणि एक दिवस सोडून द्यायचे. शिकवण्याची पद्धत म्हणून हे पक्कं आहे, आजही आम्ही पाठीला फोमचा फ्लोट बांधतो आणि एकेक थर कमी करत जातो. शिवाय तेव्हा पाण्यात आधीच एक पट्टीचा पोहणारा काका-मामा असायचा, वर कोणी दोर धरून बसलेलं असायचं. ही शिस्त तुम्ही सांगितली नाहीत पण ती असणारच, नाहीतर तुम्ही सगळी भावंडं सुखरूप शिकला नसता.

नको काय, तर ढकलणं. ढकललेलं पोर पोहायला शिकत नाही, ते जिवाच्या आकांताने हातपाय मारतं, त्यातली काही तरतात आणि आठवणी सांगतात, जी कायमची पाण्याला घाबरली ती कोणाला सांगत नाहीत, आणि ज्यांच्या नाकातोंडात पाणी जाऊन जीव गेला ती सांगायला उरलीच नाहीत. त्यात विहिरीचं पाणी वरून तापलेलं आणि हातभर खाली गार असतं, अचानक गार पाण्यात गेलं की माणूस मोठ्ठा श्वास आत ओढतो, ते आपल्या हातात नसतं, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. ४ वर्षांच्या नातीला तर विहीर अजिबात नको. तिथे पाय टेकायला जागा नाही, पायऱ्या शेवाळलेल्या, तळ दिसत नाही, मोटरची वायर आणि पाइप आत सोडलेले. छोट्या मुलाला शिकवायचं तर त्याच्या छातीपर्यंतचं पाणी लागतं, त्याचे पाय खाली टेकले पाहिजेत, म्हणजे डोकं शांत राहतं आणि मग शिकवलेलं आत जातं.

शेततळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतेच, कारण मला त्याची विहिरीपेक्षा जास्त धास्ती वाटते. गेल्या काही वर्षांत गावोगाव शेततळी झाली, पाण्याची सोय झाली, पण आतला तो काळा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि उतार इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्याला पण वर येता येत नाही, धरायला काहीच नसतं. पोरगं घसरतं, त्याला काढायला आई उतरते, तिच्या मागे बाप. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या शेतात तळं असेल तर नातवंडं यायच्या आत चारी बाजूंनी कुंपण करा, आणि काठाला पक्का बांधलेला गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा, चारही बाजूंनी ठेवला तर उत्तम, सोबत हवा भरलेली जुनी ट्यूब. खर्च काही फार नाही.

मग यावर्षी करायचं काय? नातवाला पुण्यात सूनबाई क्लास लावतायत ते लावू द्या, दोघांनाही. ते सुट्टीला आले की तालुक्याच्या ठिकाणी एखादा बरा टँक असेल तर तुम्ही स्वतः सोबत पाण्यात उतरा, आजोबांना पोहताना बघणं हा पोरांसाठी केवढा तरी मोठा धडा असतो. नदी मला या वयाला नको वाटते, वाळू उपशाने पात्रात मधेच खड्डे झालेत आणि वरून धरणाचं पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. आणि विहिरीजवळ न्याच त्यांना, हात धरून न्या, पाणी किती खोल आहे दगड टाकून दाखवा, मोठं माणूस सोबत नसेल तर इथे यायचं नाही, आत बॉल पडला चप्पल पडली तरी यायचं नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहील.

अजून एक, हे गावात सगळ्यांना सांगा. कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी टाकायची नाही, दोर, काठी, साडी, धोतर, रिकामा झाकणबंद कॅन, जे हाताला येईल ते फेकायचं आणि स्वतः काठावर आडवं पडून ओढायचं. बाहेर काढल्यावर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे आपल्याकडे अजून चालतं, त्यात जी मिनिटं जातात तीच वाचवणारी मिनिटं असतात. मूल बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी जरा वर, आधी तोंडाने श्वास द्यायचा, छाती फुगताना दिसली पाहिजे. सुरुवातीला दोन ते पाच श्वास, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबायचं, ३० वेळा दाबून २ श्वास, परत ३० आणि २, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला फोन लावायचा. बुडालेल्या माणसात श्वास देणं फार महत्त्वाचं, कारण त्याचं हृदय हवा न मिळाल्याने थांबलेलं असतं. हे वाचून येत नाही, आरोग्य केंद्रात किंवा नातवांच्या शाळेत प्रात्यक्षिक होत असेल तर तुम्ही आणि काकूंनी दोघांनी जाऊन हाताने करून बघा.

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा. ठाण्यात एका क्लबमध्ये क्लास लावला. पहिल्या दिवशी रडला, कोच म्हणाले आई समोर असली की नाटकं करतात, तुम्ही बाहेर बसा. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला धरून पाण्यात डुबकी दिली, म्हणे भीती मोडायला लागते. आता तो घरी डोक्यावरून पाणी पण घेऊ देत नाही, टँकचं नाव काढलं की थरथरतो. फी पूर्ण भरलीये. काय करू? (रोहनची आई)

उत्तर: क्लास बंद करा, आजच. फीचं वाईट वाटणार, मला कळतंय, पण साडेतीन वर्षांच्या मुलाचं थरथरणं हे नाटक नसतं आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात हे त्याला कळणं आत्ता सगळ्यात गरजेचं आहे.

जबरदस्तीच्या डुबकीने भीती मोडत नाही, ती आत जाऊन बसते. शिवाय घाबरलेलं मूल तोंड उघडं ठेवतं, रडता रडता पाणी पितं, आणि लहान अंगात खूप पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून उलट्या, सुस्ती, अगदी झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. असं क्वचित होतं, पण वारंवार डुबक्या देणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवलं पाहिजे. मी शिकवताना मूल स्वतःहून तोंड पाण्यात घालेपर्यंत थांबते, कोणाला दोन दिवस लागतात कोणाला महिना लागतो, लागू दे.

आता काही आठवडे टँक विसरा. आंघोळीच्या वेळी तो स्वतः मग हातात घेईल, आधी पायावर, मग पोटावर, मग खांद्यावर, डोक्यावर कधी घ्यायचं ते तो ठरवेल. टबमध्ये किंवा परातीत पाणी घेऊन त्यात स्ट्रॉने बुडबुडे काढा, मग स्ट्रॉशिवाय. तो तुमच्या डोक्यावर पाणी ओतेल असा खेळ करा, तुम्ही हसलात की त्याचं अर्धं काम झालं. श्वास थोपवून धरायला शिकवू नका, बाहेर सोडायला शिकवा, पाण्यात फुंकर मारता आली की नाकात पाणी जायची कटकट बरीच कमी होते.

मग नवीन कोच शोधताना आधी एक दिवस नुसतं जाऊन काठावर बसा. कोच पाण्यात उतरलेला असतो का काठावरून शिट्टी मारतो? एका वेळी किती मुलं घेतो, या वयाला एका कोचमागे चारच्या वर नकोत. मुलं आपल्या पाळीची वाट बघत असतात तेव्हा ती कुठे असतात, काठ धरून खोल पाण्यात की पायरीवर बसून? शिकवणारा सोडून वेगळा लाइफगार्ड आहे का, आणि त्याच्या हातात मोबाइल आहे का? कोचला सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, येतं का हे तोंडावर विचारा, चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि जो तुम्हाला बाहेर बसा म्हणतो त्याला विचारा की का. मोठ्या मुलांना आईबाप नसले की बरं जमतं हे काही वेळा खरं असतं, पण दिसायला मिळणार नाही अशा ठिकाणी बसायला कोणी सांगत असेल तर तिथून निघायचं.

प्रश्न: मुलीला (३ वर्षं) टँकवर नेलं की सर्दी होते, कान दुखतो, डोळे लाल, अंगाला खाज. आई म्हणते कानात तेल घालून पाठव. क्लोरीन एवढा वास मारतो की मलाच कसंतरी होतं. बंद करू का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: बंद करायच्या आधी टँक बदलून बघा. डोळे झोंबवणारा तो उग्र वास ताज्या क्लोरीनचा कमी असतो, तो येतो क्लोरीन आणि घाम-लघवी एकत्र येऊन जे तयार होतं त्याचा. म्हणजे जितका वास जास्त तितकं पाणी 'स्वच्छ' असं नाही, उलट आहे. टँकवाल्यांना रोजचं रीडिंग विचारा, मोकळा (अजून जंतू मारू शकणारा) क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग, आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे असायला हवा, बऱ्या टँकवर हे फळ्यावर लिहिलेलंच असतं. पाणी स्वच्छ की नाही याची साधी खूण म्हणजे सगळ्यात खोल ठिकाणचा तळ आणि तिथली पाणी ओढून घेणारी जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. जाळी तुटलेली, हललेली असेल तर पाण्यात पाऊलच टाकू नका, तिथे ओढ असते, मुलींचे लांब केस अडकतात.

कानात तेल नको. पोहणाऱ्यांचा कान दुखतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या नळीला सूज आल्याने, कान ओढला की जास्त दुखतं, पाणी आत साचून राहिल्याने होतं. बाहेर आल्यावर मान एका बाजूला कलती करून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा, बड्स घालू नका. दुखतोय तोवर पोहणं बंद आणि डॉक्टर. कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा त्यात नळी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात नेऊच नका. साध्या सर्दीत ताप नसेल आणि पोर खेळतंय तर चालतं. अंगाला उतरायच्या आधी आणि नंतर साध्या पाण्याचा शॉवर, मग लगेच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल, पण तेल आधी लावून उतरू नका, ते सगळं पाण्यात जातं.

जुलाब होत असतील तर मात्र टँक पूर्ण बंद. स्विम डायपरने पातळ शी अडत नाही, आणि काही जंतू क्लोरीनमध्ये पण दिवस दिवस जगतात, एका मुलामुळे अख्खी बॅच आजारी पडते. हे फार कमी पालक पाळतात आणि मला त्याचा खरंच त्रास होतो.

प्रश्न: ८ महिन्यांच्या बाळासाठी गळ्यात घालायची फुगवायची रिंग बघितली, व्हिडिओत बाळं मस्त तरंगतात. मोठ्याला (४ वर्षं) दंडाला फुगे लावतो. चालेल ना? (कोल्हापूर)

उत्तर: गळ्यातली रिंग नको, कुठल्याही बाळाला नको. बाळाचा एक मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२२ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिलाय. हवा गेली किंवा बाळ निसटलं की संपलं, आणि मानेवर ताण येतो तो वेगळाच. तुम्ही स्वतः कडेवर घेऊन पाण्यात उतरा, बाळाला तेच हवं असतं.

दंडाचे फुगे म्हणजे खेळणं, सुरक्षा नाही. त्यातून अजून एक होतं, पोर उभं तरंगायला शिकतं, छाती वर आणि पाय खाली, आणि पोहायला अंग आडवं लागतं, मग आम्हाला ते सगळं पुसून परत शिकवायला लागतं. आणि त्याला वाटतं मी तरंगतो, मग एक दिवस फुगे न लावता उडी मारतो. बोटीत बसताना मात्र मापाचं, बकल आणि पायांमधला पट्टा असलेलं लाइफ जॅकेट हवंच.

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, इथल्या स्विमिंग स्कूलची वेटिंग लिस्ट मोठी, वर्गातल्या मुलींचं सुरू झालं आणि आमची मागे राहिली असं वाटतं. भारतात सुट्टीत शिकवून आणलं तर? आणि इथे कपडे घालून का पोहायला लावतात? (एक आई)

उत्तर: मागे राहिली नाही हो, तिकडे साधारण ४-५ वर्षांनाच सुरू होतं. कपड्यांचं कारण तुमच्या खिडकीतून दिसत असेल, जिकडे तिकडे कालवे. मूल कालव्यात पडतं ते स्विमिंग कॉस्च्युम घालून पडत नाही, बुटांसकट पडतं, म्हणून तिथल्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेला, म्हणजे ए डिप्लोमाला, कपडे-बूट घालून पोहायला लागतं आणि पाण्याखाली लावलेल्या पडद्याच्या भोकातून पार जायला लागतं. ए, बी, सी तिन्ही झाले की मूल पाण्यात बऱ्यापैकी सुरक्षित मानतात, त्यामुळे ए झाल्यावर थांबू नका. मला ही पद्धत इतकी पटलीये की मी माझ्या केजीच्या मुलांना बॅचच्या शेवटी एक दिवस टी-शर्ट आणि पायजमा घालून उतरवते, ओलं कापड अंगाला कसं ओढतं ते त्यांना एकदा कळायलाच हवं.

सुट्टीत भारतात जरूर पाण्यात न्या, पण तीन आठवड्यांत उरकायचं म्हणून रोज दोन दोन तास नको. पाण्यात तोंड घालणं, पाठीवर तरंगणं आणि वळून काठ पकडणं एवढंच घेऊन परत गेली तर तिथल्या मॅडम खूश होतील. आजी-आजोबांकडे असताना टाकीचं, हौदाचं झाकण आधी फोन करून बघायला सांगा.

प्रश्न: ५ वर्षांचा मुलगा, दोन समर बॅच झाल्या, टँकची रुंदी पार करतो. मे महिन्यात अलिबागला जातोय, समुद्रात सोडू का? (डोंबिवली)

उत्तर: सोडू नका, हात धरून गुडघाभर पाण्यात खेळवा, त्याच्या गुडघ्याएवढं, तुमच्या नाही. टँकच्या पाण्याला लाट नसते, ओढ नसते, काठ दिसत असतो. समुद्रात परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि चांगला पोहणारा मोठा माणूस सुद्धा पडतो. अलिबागला ओहोटीला लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, तुम्ही पण जाल, तेव्हा भरती कधी सुरू होते ते आधी स्थानिकांना विचारून घड्याळ लावून जा. पुढे कधी गोव्याला गेलात तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर वाळूत किल्ला करायचा. आणि दिवसभर उन्हात खेळून पोर दमलेलं असतं तेव्हा संध्याकाळी रिसॉर्टच्या पूलजवळ त्याच्यावर एका ठरलेल्या माणसाची नजर ठेवा. 'सगळे आहेत ना' म्हणतात तेव्हा कोणीच बघत नसतं, म्हणून आत्ता तू, अर्ध्या तासाने मी, असं बोलून ठरवा, आणि ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही, ग्लास नाही.

पाण्यातून आल्यावर त्याला खूप पाणी गिळल्यासारखं वाटलं आणि नंतर खोकला थांबेना, श्वास जोरात चालू लागला, किंवा वेळेआधीच झोपाळला, तर रात्रभर वाट बघू नका, दवाखाना गाठा. पाच मिनिटं खोकून परत खेळायला लागला तर घाबरायचं काही नाही.

प्रश्न: मुलीसाठी फिकट निळा, फ्रिलचा कॉस्च्युम घेतलाय, गोड दिसते. टोपी, गॉगल पण लागतात का? (नागपूर)

उत्तर: फिकट निळा बदलून मिळत असेल तर बदला. निळ्या टाइल्सच्या टँकमध्ये तो रंग पाण्याखाली दिसेनासा होतो, पांढराही तसाच. भडक केशरी, भडक गुलाबी, पोपटी असा डोळ्यात भरणारा घ्या, घरी बादलीतल्या पाण्यात कॉस्च्युम बुडवून रंग किती दिसतो ते बघता येतं, फक्त बादली लगेच रिकामी करा. फ्रिल मोठी नको, पाण्यात फुगते आणि पायात येते. टोपी बहुतेक टँकवर लागतेच, तीही भडक रंगाचीच घ्या. गॉगल चालेल, पण प्रत्येक सेशनला थोडा वेळ काढून ठेवा, डोळ्यात पाणी गेलं तरी काठ शोधता आला पाहिजे. तुमच्याकडे मे महिन्यात उघड्या टँकवर ऊन फार लागतं, त्यामुळे सकाळी सातची नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावरची बॅच घ्या, आणि सकाळची घेतलीत तर पाणी गार असेल, पूर्ण बाह्यांचा स्विमसूट बघा.